धाकटा बारा वर्षं होता कुठे?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी पहिली कादंबरी लिहून होऊन सात महिने झाले. साधारण 92 हजार शब्द आहेत. दोन भावांची गोष्ट आहे. धाकटा बारा वर्षं बेपत्ता असतो आणि वडील गेल्यावर परत येतो. मधल्या काळात तो कुठे होता, ते मी मुद्दाम धूसर ठेवलंय. रोज रात्री फाइल उघडते. आतापर्यंत चौदा फाइली झाल्या, शेवटचीचं नाव 'अंतिम_खरंच_अंतिम'. पण हल्ली काल काढलेला स्वल्पविराम आज परत घालते, एवढंच काम होतं. मधली प्रकरणं आली की मी भराभर पुढे सरकते, कारण ती आता पाठच झालीत. बहिणीने वाचली, 'छान आहे, रडू आलं' म्हणाली. मैत्रीण म्हणते, आता पाठव, नाहीतर राहूनच जाईल. एका प्रकाशकासाठी लिहिलेला मेल तीन महिने तसाच पडून आहे. एकदा नकार आला की ते दार कायमचं बंद होईल, अशी भीती वाटते. कादंबरी 'झाली' हे ओळखायचं कसं? — एक नवखी लेखिका

उत्तर : 'अंतिम_खरंच_अंतिम' वाचून हसू आलं. याच घराण्यातली एक फाइल माझ्या संगणकात अजून आहे.

स्वल्पविरामाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. काढलेलं परत घालायला लागलात, म्हणजे वाक्यांवर तुमच्याच्याने होण्यासारखं काम संपलं. उरलेलं मुद्रितशोधकावर सोडा. बहिणीचं रडू बाजूला ठेवा. रागावू नका, पण ती कादंबरी वाचत नव्हती, तुम्हाला वाचत होती. पुढच्या वाचकाला 'कशी वाटली?' असं विचारूच नका. कुठे खाली ठेवली, परत कधी उचलली आणि धाकट्याबद्दल काय समजलं, एवढंच विचारा.

धाकट्याबद्दल मुद्दाम म्हणतेय. तुमच्या पत्रात मी दोन जागी अडखळले : 'मुद्दाम धूसर ठेवलंय' आणि 'भराभर पुढे सरकते'. पाठ झालंय म्हणून सरकता, हे काही मला पटलं नाही. पहिलं प्रकरणही पाठ असणारच, तिथून का नाही सरकत? मला शंका येते ती अशी, की धाकटा कुठे होता हे वाचकापासून लपवलेलं नाही, ते तुम्हालाच माहीत नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकी कादंबरीकाराचं असंच झालं होतं. 1924 च्या शेवटी त्याने 'द ग्रेट गॅट्सबी'चं हस्तलिखित मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाकडे पाठवलं. पर्किन्सला ते फार आवडलं. पण गॅट्सबी हा माणूस डोळ्यांसमोर नीट उभा राहत नाही आणि त्याच्याकडे एवढा पैसा आला कुठून याचा थोडा तरी सुगावा हवा, असं त्याने कळवलं. फिट्झजेराल्डने उत्तरात सरळ कबूल केलं, की गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय हे माझं मलाच ठाऊक नव्हतं आणि तुला ते जाणवलं. मग त्याने छापखान्याच्या मुद्रितांवर पुन्हा लेखन केलं, गॅट्सबीच्या भूतकाळातले तुकडे आधीच्या प्रकरणात आणले. एप्रिल 1925 मध्ये पुस्तक आलं. गूढ तरीही पुरतं उकललेलं नाही, पण आता लेखक स्वतः त्या धुक्यात चाचपडत नाही.

तेव्हा फाइल बंद करा आणि एका वहीत धाकट्याची बारा वर्षं लिहून काढा. कादंबरीत घालण्यासाठी नव्हे. तो झोपायचा कुठे, पोटासाठी काय करायचा, थोरल्याला किती वेळा फोन लावून पलीकडून आवाज येताच ठेवून दिला, वडील गेल्याचं त्याला कळलं कुणाकडून. चौथ्या पानावर अडलात तर कादंबरी अजून व्हायची आहे. वीस पानं सरसर उतरली, तर ती झाल्यातच जमा आहे. मग मधली प्रकरणं एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ घाई करेल तिथे हात घाला आणि बाकीच्याला बोट लावू नका.

'राहूनच जाईल' हे मैत्रिणीचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. मी दोन्ही चुका करून बसले आहे. पहिली कादंबरी संपल्याच्या चौथ्या दिवशी पाठवली. नवव्या प्रकरणात वारलेली आजी सतराव्यात पाणी मागत होती! नकार आला, त्यात आजीचा उल्लेख नव्हता. दोन वर्षांनी ती चूक माझी मलाच सापडली. दुसरी कादंबरी त्या धसक्याने सहा वर्षं दाबून ठेवली. बाहेर काढली तेव्हा ती लिहिणारी बाई मला ओळखीची वाटेना, आणि मी त्या कादंबरीवर इतके संस्कार केले की होता तो जीवही गेला. होरेस हा रोमन कवी लिहिलेलं नवव्या वर्षापर्यंत घरात ठेवायला सांगतो. नऊ वर्षं जरा अतीच, पण ठेवायचं म्हणजे न बघता ठेवायचं, हे त्याला अभिप्रेत असावं. या हिशेबाने तुमचे सात महिने धरताच येत नाहीत. तुम्ही ती एक रात्रसुद्धा ठेवलेली नाही. वही लिहून झाली की सहा आठवडे फाइल उघडू नका, मग छापील प्रत काढून वाचा. पडद्यावर नको, पडद्यावर तुमचा हात शिवशिवणार.

आता नकाराचं. काही वर्षं मी एका प्रकाशनासाठी आलेली हस्तलिखितं वाचत असे. नाकारलेल्यांची नावं मला आठवत नाहीत. काही पहिली पानं अजून आठवतात. दार बंद होतं ते त्या खर्ड्यापुरतं. विल्यम गोल्डिंग या इंग्रज लेखकाची पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांकडून परत आली होती. फेबर या प्रकाशनसंस्थेतही हस्तलिखितं वाचणाऱ्याने ती टाकाऊ ठरवली होती. चार्ल्स माँटिथ या नव्या संपादकाने ती उचलली, सुरुवातीचं अणुयुद्धाचं वर्णन काढायला लावलं, आणि 1954 मध्ये 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' छापून आली. गोल्डिंगने पाठवली तेव्हा तीही पूर्ण 'झालेली' नव्हतीच, पण त्याच्या बाजूने जे व्हायचं ते झालं होतं.

मेल चार-पाच ओळींचा पुरे. कादंबरी कशाबद्दल, किती शब्दांची, तुम्ही कोण. आणि सोबत त्यांनी मागितलं असेल तेवढंच जोडा. बहिणीला रडू आल्याचं लिहू नका.

प्रश्न : कादंबरी पाठवली आणि कुणी ती स्वतःच्या नावावर खपवली तर? आधी नोंदणी करावी का? — एक सावध वाचक

उत्तर : लेखनहक्कांबाबतच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांत लेखनाचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणीची अट नाही. वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते, म्हणून करायची तर जरूर करा, पण तिच्यासाठी अडून राहू नका. नुसत्या कल्पनेवर मात्र कुणाचाच हक्क नसतो. हरवलेला भाऊ परत येतो ही गोष्ट उद्या तुम्हीही लिहू शकता. पाठवलेले मेल आणि तारखांसकट जुने खर्डे जपून ठेवा. वरच्या पत्रलेखिकेच्या चौदा फाइली या एका कामाला नक्की येतील.