मालदीवच्या डायव्हिंग बोटीवर आठवडाभर कंटाळा येत नाही का?

तुम्ही लिहिलंय की तारकर्लीला एकदा स्कूबा केलं, फार आवडलं, आणि आता मालदीवच्या लिव्हअबोर्डचा, म्हणजे राहायची सोय असलेल्या डायव्हिंग बोटीचा, विचार चाललाय. पण आठवडाभर बोटीवरच राहायचं आणि दिवसातून तीन-चारदा पाण्यात उतरायचं, हे तेच ते होत नाही का, ही तुमची शंका.

मला तरी कधी तसं वाटलं नाही. एकच रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, पहाटे, दुपारी आणि रात्री अगदी वेगळी असते. किनाऱ्यावरून सकाळी निघून दुपारी परतणाऱ्या बोटीला त्यातली एकच वेळ मिळते. लिव्हअबोर्डवर मुक्कामच रीफच्या शेजारी असतो, त्यामुळे तिन्ही वेळा पदरात पडतात. मालदीवच्या आरी अटोलमधला (अटोल म्हणजे कड्यासारखा प्रवाळबेटांचा समूह) दिवस कसा जातो ते सांगते.

उजाडायच्या सुमारास केबिनच्या दारावर टकटक होते. चहा आणि दोन बिस्किटं, बस्स, नाश्ता डायव्हनंतर. गाइड फळ्यावर थिलाचं चित्र काढतो. थिला म्हणजे पाण्याखालची टेकडी, जिचा माथा पृष्ठभागापर्यंत येत नाही. सिलिंडर, कॉम्प्रेसर, वेटसूट हे सगळं धोनी नावाच्या वेगळ्या छोट्या बोटीवर असतं आणि डायव्हला तीच नेते. तिथे पोचल्यावर आधी गाइड एकटा पाण्यात उतरून करंट कुठून कुठे चाललाय ते पाहतो. सगळं त्यावर ठरतं, कारण करंट जिथे टेकडीवर येऊन आदळतो तिथेच मासे जमतात. पहाटे तिथे ग्रे रीफ शार्क घिरट्या घालत असतात आणि समोर फ्युझिलिअर नावाच्या छोट्या माशांचे थवे एका क्षणात दिशा बदलतात. करंटने वाहून जाऊ नये म्हणून आपण मेलेल्या खडकात दोरीचा हुक अडकवून, खाली दबून, फक्त बघत राहायचं. हुक जिवंत प्रवाळात कधीही अडकवायचा नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण घाईत लोक ते विसरतात आणि कित्येक वर्षांची वाढ एका झटक्यात तुटते.

वर आल्यावर नाश्ता. मासहुनी (किसलेलं खोबरं, टूना, कांदा, मिरची) आणि रोशी, म्हणजे जवळजवळ आपली पोळीच. मग दोन-तीन तास काहीही करायचं नाही. कंटाळ्याची भीती तुम्हाला बहुधा याच वेळेची वाटत असणार. पण हा वेळ रिकामा नसतो. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. दिवसाचं वेळापत्रक त्याच्याच हिशोबाने आखलेलं असतं. म्हणून पाणी भरपूर प्यायचं, सावलीत पडायचं आणि शेवटचा डायव्ह होईपर्यंत बिअरला हात लावायचा नाही. बहुतेक जण नायट्रॉक्स वापरतात: नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, यात साधारण ३२. नायट्रोजन कमी, म्हणून शरीरावरचा भार कमी. पण जास्त खोलीवर हाच ऑक्सिजन घातक ठरतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या सिलिंडरचं प्रमाण स्वतः मोजायचं आणि वहीत लिहून सही करायची. हे काम बडीवरही, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदारावरही, सोपवू नये.

दुपारचा डायव्ह उथळ आणि निवांत. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो, त्यामुळे प्रवाळाचे खरे रंग बघायचे तर डोक्यावर ऊन असताना वरच्या काही मीटरमध्येच. पॅरटफिश दगड कुरतडतात त्याचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येतो. ते जे चघळतात त्याची पुढे वाळू होते, आणि त्या पांढऱ्या किनाऱ्यांचा मोठा भाग त्यांनीच घडवलेला आहे. याच उथळ भागात मन खट्टूही होतं. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापला, प्रवाळाने आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकलं, ते पांढरं पडलं आणि बरंचसं मेलं. तुटक्या फांद्यांचे ढीग अजून दिसतात. त्यातून वर येणारे नवे, तळहाताएवढे प्रवाळ दिसले की मी तिथे जरा जास्तच रेंगाळते.

आणि रात्र. आरीतला माया थिला १९९५ पासून संरक्षित आहे आणि आकाराने एवढा लहान की एका डायव्हमध्ये फेरी पूर्ण होते. दिवसा कपारीत पडून राहणारे व्हाइटटिप शार्क रात्री शिकारीला निघतात. पाकट तुमच्या पायाखालून सरकतात, वामेसारखे मोरे ईल मासे बिळं सोडून उघड्यावर येतात, प्रवाळाची बारीक तोंडं उघडलेली असतात. टॉर्च एखाद्या माशावर रोखून धरू नका; शिकारी मासे त्याच उजेडाचा फायदा घेऊन त्याला गाठतात. मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी बंद केली, म्हणून हे सगळं आज बघायला मिळतंय.

तुमच्यासाठी महत्त्वाचं: तारकर्लीचा अनुभव प्रशिक्षकाने धरून नेलेला होता, ते प्रमाणपत्र नव्हे. आधी ओपन वॉटर (१८ मीटरपर्यंत), मग अ‍ॅडव्हान्स्ड (३० मीटरपर्यंत, मालदीवमध्ये मौजेच्या डायव्हिंगची मर्यादाही तीच) करा. आरीसारख्या करंटच्या जागी अनेक बोटी त्याशिवाय आधीच्या डायव्हची नोंदही मागतात, आणि ते योग्यच आहे. सोबतचं माणूस डायव्ह करत नसेल तर मात्र त्याला आठवडाभर बोटीवर नेऊ नका, त्याला खरंच कंटाळा येईल. दोघांसाठी बेटावरचं गेस्टहाऊस बरं. परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तासांनी, शक्यतो २४ तासांनी घ्या.