किल्ली तुझ्याच खिशात असू दे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. विद्युत देखभालीच्या कामावर रुजू होत असल्याचे तू कळवलेस, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे: ‘मेन स्विच बंद केला’ म्हणजे ‘तारेत वीज नाही’ असे नव्हे. कधी भलताच स्विच खाली ओढलेला असतो, कधी तो फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेला असतो, कधी जनरेटरकडून उलटा पुरवठा येतो. आणि कपॅसिटर तर पुरवठा तोडल्यावरही काही काळ विद्युतभार धरून ठेवतो.

म्हणून स्विच बंद केल्यावर त्याला स्वतःचे कुलूप लाव, किल्ली स्वतःजवळ ठेव आणि नावाची पाटी अडकव. माझ्या उमेदवारीच्या काळात, पाटी नव्हती म्हणून, एका सहकाऱ्याने मी काम करत असलेली लाइन चालू केली होती. मी नेमका पक्कड आणायला उठलो होतो, एवढ्यानेच वाचलो.

मग मीटर आधी चालू असलेल्या जोडणीवर लावून पाहा, नंतर कामाच्या तारांवर फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा सर्व जोड्यांमध्ये, आणि शेवटी पुन्हा त्या पहिल्या जोडणीवर. कारण मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल, तर त्याने दाखवलेले शून्य खोटे असते. पेचकसासारख्या टेस्टरचा दिवा लागला नाही, एवढ्या आधारावर तारेला हात लावू नकोस.

एमसीबीवरही, म्हणजे जादा प्रवाहाने आपोआप पडणाऱ्या स्विचवरही, विसंबू नकोस. तिचे काम तारा जळू न देणे हे आहे. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून पकडलेली तार सुटेनाशी होऊ शकते आणि ५० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह काही सेकंद छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते. १६ अँपिअरच्या एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी जमिनीकडे होणारी गळती ओळखून पुरवठा तोडते, मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर तीही बहुधा गप्प राहते.

सहकारी तारेला चिकटला, तर त्याला ओढायला धावू नकोस. आधी पुरवठा तोड. श्वास थांबला असेल, तर छातीवर दाब देणे लगेच सुरू कर आणि दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांग.

पहिल्याच दिवशी पॅनेल नीट पाहून घे. कुलूप लावायची सोय नसेल, तर वरिष्ठांकडे लेखी मागणी कर आणि मलाही कळव.

तुझा शुभचिंतक