पहिल्या क्रूझची बॅग

पहिलीच क्रूझ आहे, तर आधी एक सांगतो: लक्ष्मी रोडवर खरेदीला धावू नका. मुंबई-गोव्याच्या तीन रात्रींसाठी घरातले कपडे भरपूर होतात.

खरी महत्त्वाची आहे हातातली पिशवी. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात, कधी संध्याकाळ होते. पुण्याहून पहाटे निघालेल्या माणसाला तोवर घामट कपड्यांत बसावं लागतं. म्हणून एक जोड, पोहण्याचे कपडे, औषधं आणि ओळखपत्र जवळच ठेवा.

माणशी एवढं पुरे:

- दिवसासाठी ३ सुती टी-शर्ट किंवा कुर्ते, २ पँट
- संध्याकाळचे २ जोड, त्यातला एक ठेवणीतला
- पोहण्याचे नायलॉनचे २ जोड. दमट बाथरूममध्ये ओला जोड रात्रभरात वाळेलच असं नाही
- पातळ स्वेटर किंवा शाल

शाल बघून घरचे हसतील, तरी घ्याच. जेवणाच्या हॉलमध्ये एसी कडक असतो आणि रात्री डेकवर वारा झोंबतो. साडी नेसणार असाल तर पदराला आणि निऱ्यांना पिना हव्यातच, त्या वाऱ्यात शिफॉन आवरत नाही.

नवखे हमखास इस्त्री घेऊन येतात. आगीच्या धोक्यामुळे ती तपासणीत काढून घेतात, त्यामुळे चुरगळणारं लिननही घरीच राहू द्या. आणि गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. ओल्या डेकवर पाय सटकतो. रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल घ्या.