चिनी थडग्यातल्या बायका आधी काडी, मग गोल कशा झाल्या?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, वय 24. बघायला पाहुणे येणार म्हटलं की आई भात कमी कर म्हणते, गाल फार आलेत म्हणते. परवा मोबाईलवर चीनमधल्या थडग्यांत सापडलेल्या मातीच्या बायकांचे फोटो बघितले, एक अगदी काडी, दुसरीला डबल हनुवटी, आणि दोन्ही तांग काळातल्याच. जाड बाईला तिथं खरंच सुंदर म्हणत होते काय?

उत्तर : होय गं, म्हणत होते. तांग राजवट 618 ते 907. मेलेल्या माणसाला पुढं सोबत नको का, म्हणून नोकर, नाचणाऱ्या, घोडे, उंट सगळं मातीचं करून थडग्यात ठेवायचे. सुरुवातीच्या बायका शेलाट्या, घागरा पार छातीपर्यंत वर बांधलेला, बाह्या अंगासरशी. मग आठव्या शतकात बघता बघता अंग भरलं, कपडे ढगळ झाले, गाल आले, डोक्यावर हा मोठा अंबाडा.

लोक याचं कारण यांग गुईफेइ सांगतात, सम्राट श्वानझोंगची लाडकी, अंगानं भरलेली. पण तिला गुईफेइ हा किताब मिळाला 745 ला आणि गुबगुबीत बाहुल्या त्याच्या आधीच्या थडग्यांतही आहेत, म्हणजे आवड आधीच बदललेली, नाव तिचं झालं एवढंच. त्याच्याही कितीतरी आधी हान काळात झाओ फेइयान नावाची राणी बारीक म्हणून गाजलेली, आणि चिनी भाषेत या दोघींना जोडून म्हणच आहे, एक भरलेली, एक बारीक, दोघी सुंदर.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो या मातीच्या बायकांचा चेहरा. तुमच्या खानापूरला मातीकाम नवीन नाही, तुला पटकन कळेल बघ. अंग साच्यातून काढायचं, भाजायचं, मग हिरवा, पिवळसर तपकिरी असा ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप लावून परत भट्टीत, पण हा ग्लेझ शिशाचा, तापला की ओघळतो, कपड्यावर ते ओघळ छानच दिसतात पण डोळ्यावर आले तर संपलंच, म्हणून पुष्कळ बाहुल्यांचा चेहरा कोराच ठेवायचे आणि भट्टीतून निघाल्यावर हातानं रंगवायचे, भुवया, लाल ओठ, गालावर लाली. आपल्याकडं गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी करतात की नाही, तसंच. मातीत इतकी वर्षं राहून तो रंग बऱ्याच जणींचा उडालाय, काहींच्या गालावर मात्र लाली अजून आहे, आणि गाल भरलेले म्हणूनच ती इतकी शोभते.

भाताचं म्हणशील तर डॉक्टरनी सांगितलं असेल तरच कमी कर, पाहुण्यांसाठी नको. आईला हे वाचून दाखव.