पन्नास मिलिमीटरची लेन्स : जुनी घ्यावी की नवी?

प्रश्न : माझ्या काकांनी त्यांचा निकॉन एफएम२ कॅमेरा नुकताच मला दिला. त्यावरच्या लेन्सला बुरशी लागली असून ती आता कामाची राहिलेली नाही. सीताबर्डीतील एका दुकानात मला ५० मिमीच्या तीन लेन्स दाखवण्यात आल्या : १९६०च्या दशकातील निक्कोर-एस एफ/१.४, १९८०च्या दशकातील एआय-एस एफ/१.८ आणि अलीकडची एएफ-एस एफ/१.८जी. मी ४०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) कृष्णधवल फिल्म वापरणार आहे. मारबतीची मिरवणूक, घरातील माणसे आणि फुटाळा तलावावरची संध्याकाळ हे माझे विषय आहेत. जुन्या लेन्सच्या छायाचित्रांना वेगळाच बाज असतो असे मित्र सांगतात, तर दुकानदार नवीच घ्या म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण विचारलेल्या तीन लेन्सपैकी दोन आपल्या कॅमेऱ्यासाठी योग्यच नाहीत, आणि गंमत अशी की त्यांतील एक सर्वांत जुनी व दुसरी सर्वांत नवी आहे.

निकॉनचा एफ माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याची रचना, १९५९ पासून चालत आला असला, तरी १९७७ मध्ये कंपनीने लेन्सचे छिद्र (प्रकाश आत येण्याची जागा; एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला कळवण्याची पद्धत बदलली. त्या पद्धतीला एआय म्हणतात, एआय-एस ही तिचीच पुढची आवृत्ती. १९६०च्या दशकातील लेन्सची छिद्राची कडी मागच्या बाजूने सलग असते, आणि एफएम२वर ती लेन्स बसवताना ही कडी कॅमेऱ्यावरील मीटरच्या तरफेवर आदळून तरफ मोडू शकते. आधीच्या एफएम कॅमेऱ्यात ही तरफ वर दुमडण्याची सोय होती, एफएम२मध्ये ती नाही. त्यामुळे कडी कापून घेऊन एआय पद्धतीची केलेली नसेल, तर ती लेन्स दुकानात ‘बघू तरी’ म्हणूनही कॅमेऱ्यावर चढवू नये. मूळ एआय लेन्स ओळखणे सोपे आहे : तिच्या कडीवर छिद्राच्या आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक मोठ्या आणि एक बारीक अक्षरांत.

एएफ-एस एफ/१.८जी ही प्रकाशीय दृष्टीने उत्तम लेन्स आहे, पण तिला छिद्राची कडीच नाही. डिजिटल कॅमेरे छिद्र बदलण्याचे काम स्वतः, विजेच्या साहाय्याने करतात. आपला कॅमेरा विजेचा उपयोग केवळ मीटरसाठी करतो, त्यामुळे त्यावर ही लेन्स प्रत्येक वेळी सर्वांत लहान छिद्रालाच, म्हणजे एफ/१६ला, छायाचित्र टिपेल आणि मीटरच्या सांगण्यावरही विसंबता येणार नाही.

उरली एआय-एस एफ/१.८. केवळ दुसरा पर्याय नाही म्हणून मी ती सुचवत नाही, आपल्या विषयांसाठीही तीच योग्य आहे. नागपूरच्या भर उन्हात ४०० एएसएची फिल्म एफ/१६ला १/५०० सेकंद मागते. छिद्र उघडत गेल्यास एफ/५.६लाच १/४००० सेकंद, म्हणजे एफएम२च्या शटरची शेवटची मर्यादा, गाठली जाते. दिवसाउजेडी एफ/१.४ वापरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मारबतीच्या दिवशी आभाळ भरलेले असले आणि महाल-इतवारीच्या अरुंद गल्लीत सावली असली, तरी १/२५० सेकंदाला एफ/४ ते एफ/५.६ मिळावे. या छिद्रांवर साठ वर्षांपूर्वीची सुस्थितीतील लेन्स आणि आजची लेन्स यांतील फरक ४०० एएसएच्या फिल्मच्या दाण्यात बहुधा शोधूनही सापडत नाही. कारणही स्पष्ट आहे : एसएलआर कॅमेऱ्यांच्या बहुतेक वेगवान ५० मिमी लेन्सची रचना पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये झाइससाठी तयार केलेल्या प्लानार रचनेच्याच वंशातील आहे.

घरातील दिव्याच्या उजेडात एफ/२ला साधारण १/३० सेकंद मिळतो. तिथे एफ/१.४चा लाभ एफ/१.८च्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) इतकाच आहे. शिवाय एक मीटरवरून एफ/१.८ला फोकसची खोली सुमारे चार सेंटिमीटर असते. आजी बोलता बोलता किंचित पुढे झुकल्या, तरी डोळे फोकसबाहेर जातात. इथे हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सची लांब फिरणारी, जड आणि मऊ फोकस-कडी फार उपयोगी पडते. ऑटोफोकस लेन्सची सैल कडी बोटाच्या थोड्याशा हालचालीने जागा सोडते, हा अनुभव फिल्मवर काम करणाऱ्या अनेकांना असेल.

आता मित्र म्हणतात त्या ‘बाजा’विषयी. त्याचा मोठा भाग कोटिंगचा, म्हणजे काचेवरच्या परावर्तन कमी करणाऱ्या पातळ थराचा असतो. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि लेन्समध्ये असे दहा-बारा पृष्ठभाग असतात. एका थराच्या कोटिंगने हे प्रमाण बरेच घटते, अनेक थरांच्या कोटिंगने ते एक टक्क्याच्याही खाली जाते. फुटाळ्यावर मावळता सूर्य चौकटीत घेतल्यावर निक्कोर-एसमध्ये सावल्या धुरकट होतील आणि एआय-एसमध्ये त्या काळ्या राहतील. धुरकटपणा सुंदर दिसू शकतो, हे मला मान्य आहे. पण तो हवा तेव्हा मिळणारा आणि नको तेव्हा टाळता येणारा नसतो, उलट कॉन्ट्रास्ट कमी करणे डेव्हलपिंगमध्ये आणि प्रिंट काढताना आपल्या हातात असते. लेन्सवर तिरका उजेड पडू न देणारा रबरी हूड मात्र कोणतीही लेन्स घेतली तरी घ्यावाच.

खरी निवड जुन्या-नव्याची नसून समोरच्या नगाची आहे, म्हणून दुकानात घाई करू नये. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून, दोन्ही झाकणे काढून, मोबाइलचा टॉर्च एका टोकाने तिरका धरावा व दुसऱ्या टोकाने आत पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावेत. कडेपासून आत सरकणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती साफ करता येते, पण कोटिंग खाल्ले गेले असेल तर ते परत येत नाही. सगळीकडे सारखा दुधी पडदा दिसला तरी लेन्स परत करावी. मग छिद्र एफ/१६वर ठेवून मागची छोटी तरफ बोटाने दाबून सोडावी. पाती झटकन मिटली पाहिजेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि गच्चीखालच्या खोलीत किंवा गाडीत राहिलेल्या लेन्समधील ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरते. अशी पाती आळसावून हलतात आणि निगेटिव्ह जास्त एक्स्पोज होते. या परीक्षेत एआय-एस नापास झाली, तर छिद्राची कडी असलेली एएफ ५० मिमी एफ/१.८डी शोधावी, ती एफएम२वर नीट चालते.

प्रश्न : माझ्या पेंटॅक्सवरील सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ची काच पिवळी पडली आहे. ती बदलावी का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : बदलू नये. अशा पिवळ्या पडलेल्या लेन्सच्या काचेत थोरियम असते आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षांत पिवळी होते. कृष्णधवल फिल्मवर ती फिकट पिवळ्या फिल्टरसारखे काम करते, रंगीत फिल्मवर मात्र छटा येते. अतिनील प्रकाशाने हा पिवळेपणा बराच उतरतो. लेन्सच्या मागे अॅल्युमिनियमचा कागद लावून ती काही आठवडे अतिनील एलईडी दिव्याखाली ठेवावी. उन्हात ठेवायची तर हिवाळ्यात, जवळ पेट घेईल असे काही नाही हे पाहून ठेवावी. मे महिन्यात मुळीच नको. नेहमीच्या वापरात धोका नाही, पण ती काच घरी सुटी करून घासू नये.