‘माझा हक्क आहे’ असं मुलगा म्हणाला तर

मुलगा आठवीत आहे. पीटीच्या सरांबद्दल व्हॉट्सॲप स्टेटसला वाईटसाईट लिहिलं. मी रागावले, तर म्हणतो, ‘अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे.’ काय उत्तर देऊ? – एक आई, कराड

ताई, आधी त्याचं जेवढं बरोबर आहे तेवढं मान्य करा. संविधानाच्या कलम 19(1)(क) मधला भाषणस्वातंत्र्याचा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे, त्याला वयाची अट नाही. पण त्याच्या खालीच 19(2) आहे, आणि तिथे अब्रूनुकसानी, सभ्यता अशा कारणांसाठी कायद्याने वाजवी बंधनं घालता येतात असं लिहिलंय. दोन्ही त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मुलं पहिलं कुठूनतरी ऐकून येतात, दुसरं त्यांना कुणी दाखवत नाही.

मग फोन काढून घ्यायच्या आधी एक विचारा: सरांनी केलं काय? नुसतं दिसण्यावरून, बोलण्यावरून टिंगल केली असेल, तर स्टेटस काढून टाकायचं आणि माफी मागायची. पण सर मारत असतील, तर गोष्ट वेगळी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. तशी तक्रार मुख्याध्यापकांकडे लेखी द्या आणि त्याला सोबत न्या. आपलं ऐकून घेतलं जातं हे त्याला घरात कळलं, तर सरांची बाजूही ऐकायला हवी हे त्याला पटेल.

नववी-दहावीला राज्यशास्त्र शिकवतो. मुलं सहा मूलभूत हक्क पाठ म्हणतात, पुढे काही नाही. – एक शिक्षक, तासगाव

सर, पाठांतर थोडं बाजूला ठेवा आणि मसूर स्टेशनची गोष्ट सांगा. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. 1901 साल. साताऱ्यात शिकणारा छोटा भीमराव घरातल्या इतर पोरांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला होता. मसूरला उतरल्यावर जात कळली आणि स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यात ठरलं, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचं. डबा जवळ होता, पण प्यायला पाणी मिळालं नाही.

एवढं सांगून थांबा आणि वर्गाला विचारा, यात कुणी कुणाचा कोणता हक्क मोडला? स्टेशनमास्तर अधिकारपदावरचा, गाडीवान खासगी माणूस. संविधानातली कलम 14 आणि 15(1) राज्यसंस्थेला बांधतात. पण 15(2) दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी-तलाव-रस्ते यांबद्दल आहे, आणि कलम 17 अस्पृश्यता नष्ट करतं. ही दोन तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसालाही लागू होतात. हक्क म्हणजे फक्त सरकारशी भांडण, असं मुलं धरून चालतात, ते इथे मोडतं.

मग पुढचा प्रश्न: त्या दिवशी ही पोरं दाद मागायला कुठे गेली असती? आज कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात आणि 226 खाली उच्च न्यायालयात जाता येतं. उच्च न्यायालयासाठी आता मुंबईलाही जायला नको. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू आहे. शेवटी विचारा, आपल्या गावात आजही कुणाला वेगळं बसवतात का? काही जण मान खाली घालतील. तास तिथेच सोडू नका, पुढच्या तासाला पुन्हा त्याच प्रश्नावर या. माझ्या मते वर्षभरात असे चार तास झाले, तरी धडा झाला.

विसर्जन मिरवणुकीतल्या भांडणात शेजारचा सोळा वर्षांचा मुलगा रात्री उशिरापर्यंत पोलीस ठाण्यात बसवून ठेवला होता. माझ्या मुलाला काय शिकवून ठेवू? – एक वडील, विटा

त्याला सांगा: पळायचं नाही, हुज्जत घालायची नाही. वय सांगायचं, आईवडिलांचा नंबर सांगायचा, न वाचता कशावरही सही करायची नाही. तो अठराच्या आतला असेल, तर 2015 चा बाल न्याय कायदा लागतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, पालकांना कळवावं लागतं आणि ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. तुम्ही गेलात की आधी त्यांनाच भेटायचं आहे म्हणा. वकिलाची ऐपत हा प्रश्न आड येत नाही, कारण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. त्यांचा नंबर 15100.

हक्क शिकवून पोरं उद्धट होतात. कर्तव्यं शिकवा की! – एक आजोबा, वाई

आजोबा, दोन्ही शिकवू. मूलभूत कर्तव्यं 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आली, कलम 51(क) मध्ये. त्यांत वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासूवृत्ती बाळगणं हेही एक कर्तव्यच आहे. म्हणजे नातवाने ‘का?’ विचारलं, तर तो कर्तव्य करतोय. विचारायची रीत मात्र तुम्हीच शिकवा, ते तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही.

मी अकरावीत आहे. माझ्या सतरा वर्षांच्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय. तिला नकोय. मी काय करू शकते? – एक मुलगी, जत

बाळा, खूप काही. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन कर. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. गावातले ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवता येतं. ‘माझं नाव गुप्त ठेवा’ असं दोन्हीकडे स्पष्ट सांग. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने न्यायालय लग्न थांबवण्याचा मनाई हुकूम देऊ शकतं, आणि तो मोडून लावलेलं लग्न रद्दबातल ठरतं. लग्न झालंच, तरी अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ती ते न्यायालयातून रद्द करून घेऊ शकते, हे तिला नक्की सांग. तिचा शाळेचा दाखला किंवा आधारचा फोटो तुझ्याकडे असू दे, वयाचा पुरावा लागतो. एकटीने तिच्या घरच्यांशी वाद घालायला जाऊ नकोस. तुझा विश्वास असलेल्या एखाद्या बाईंना सोबत घे आणि फोन आजच कर.