वरचा सीझन घ्यावा का?

वाचकांचे प्रश्न : हॉलिडे क्लब आणि टाइमशेअर

प्रश्न : हॉलिडे क्लबची (आधी मोठी रक्कम आणि मग वार्षिक फी भरून दरवर्षी क्लबच्या रिसॉर्टवर ठरावीक रात्री राहायचं, म्हणजेच टाइमशेअर) 25 वर्षांची मेंबरशिप घेऊन आम्हाला 12 वर्षं झाली. व्हाइट सीझन (कमी गर्दीचे आठवडे), स्टुडिओ (एकच खोली), वर्षाला 7 रात्री. परवा रिसॉर्टवर असताना नाश्त्यानंतर 'मेंबर मीट'ला बोलावलं आणि रेड सीझन (त्याहून वरचा, गर्दीचा), वन बेडरूमचं अपग्रेड सुचवलं. किंमत 2,40,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी. वार्षिक फी आज 16,000 आहे, ती 23,000 होईल, त्यावरही जीएसटी. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. मेच्या सुट्टीत आमचा सीझन चालत नाही, म्हणून मोह होतोय. 'आजच सही केली तर हा भाव' म्हणाले. आम्ही सही न करता परत आलो, पण आता रोज फोन येतो. घ्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सही न करता परतलात हे फार चांगलं केलंत. आमचं मत आधीच सांगतो : या भावात आणि तुमच्या घरच्या गरजेला हे अपग्रेड घेऊ नका. आता हिशेब.

12 वर्षांपूर्वी भरलेले पैसे विसरा. ते अपग्रेड केलं तरी परत येणार नाहीत आणि नाही केलं तरी. प्रश्न फक्त आता जाणाऱ्या पैशांचा आहे. 2,40,000 वर जीएसटी 43,200, म्हणजे एकूण 2,83,200. मेंबरशिपची 13 वर्षं उरली आहेत, म्हणून विक्रेता सरळ भागाकार करून वर्षाला 21,800 दाखवेल. पण हीच रक्कम बँकेत 7 टक्क्यांनी ठेवून 13 वर्षांत दरवर्षी सारखी काढत संपवली, तर वर्षाला सुमारे 33,900 हाती येतात (व्याजावरचा कर सोडून). खरा खर्च हा. त्यात फीमधली 7,000 ची वाढ आणि तिच्यावरचा जीएसटी, म्हणजे 8,260 मिळवा. वर्षाला झाले सुमारे 42,000, म्हणजे 7 रात्रींना रात्री 6,000.

हे 6,000 तुमच्या आजच्या फीच्या वर आहेत, हे लक्षात घ्या. म्हणजे अपग्रेड न करता तेच 42,000 मे महिन्यात खर्च केले, तर कुठल्याही गावी, कुठल्याही हॉटेलात, हव्या त्या तारखेला रोज 6,000 ची खोली 7 रात्री मिळते. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्केच आहे, त्यामुळे या 6,000 मध्ये करही बसतो. शिवाय व्हाइट सीझनच्या तुमच्या 7 रात्री हातात राहतातच. एकाच खर्चात एका बाजूला 7 रात्री, दुसऱ्या बाजूला 14.

'हॉटेलचे भाव वाढतील, तुमचा भाव आजच बांधला जाईल' असं ते सांगतील. यात तथ्य आहे. 42,000 पैकी जवळपास 34,000 खरंच स्थिर राहतात. वाढते ती फी. मुदत लांब असेल आणि दरवर्षी वापर होणार असेल, तर हे गणित अपग्रेडच्या बाजूला झुकतं. तुमच्याकडे मात्र ती मुदत नाही. मेच्या सुट्टीचं बंधन धाकटा बारावी होईपर्यंतच, म्हणजे साधारण 7 वर्षं. त्या 7 वर्षांत दोघांच्या दहावी-बारावी मिळून चार बोर्डाची वर्षं येतात, आणि दहावी-बारावीचे वर्ग एप्रिल-मेमध्येच सुरू होतात हे तुम्हाला माहीत आहेच. मुलं कॉलेजात गेली की जुलैचा पाऊस असो की सप्टेंबर, तुमचा व्हाइट सीझन आपोआप कामाचा होतो. पैसे 13 वर्षांचे आणि गरज तीन-चार मे महिन्यांची, असा हा व्यवहार आहे.

त्याहून मोठी गोष्ट : अपग्रेडने खोली मिळत नाही, खोली *मागण्याचा हक्क* मिळतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातलं महाबळेश्वर किंवा नाताळातला गोवा, तिथल्या खोल्या मोजक्याच. वरच्या सीझनचे मेंबर वाढले म्हणून त्या वाढत नाहीत. म्हणून आधी कागद घ्या आणि गेल्या तीन वर्षांत बुकिंग कुठे कुठे हुकलं ते लिहा : मागितल्याची तारीख, ठिकाण, मिळालेलं उत्तर. 'तुमचा सीझन नाही' हे उत्तर असेल, तर अपग्रेडने फरक पडेल. 'वेटलिस्ट' किंवा 'फुल' असेल, तर पडणार नाही.

दुसरी परीक्षा विक्रेत्याच्याच स्क्रीनवर घ्या. रेड सीझन, वन बेडरूम निवडायला लावा आणि तुमच्या मनातली तीन ठिकाणं, प्रत्येकी तीन तारखा समोर उघडून दाखवायला सांगा. बुकिंग किती दिवस आधी खुलतं आणि त्याच दिवशी किती खोल्या दिसतात, ते विचारा. स्क्रीन दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच समजा.

सीझनचा तक्ता रिसॉर्टप्रमाणे बदलतो, आणि सगळ्यात जास्त फसगत इथे होते. काही क्लबांमध्ये पर्पल (सगळ्यात वरचा), रेड, व्हाइट, ब्लू अशी उतरंड असते. थंड हवेच्या ठिकाणाची गर्दी एप्रिल ते जून, गोव्याची नाताळ ते नवं वर्ष, आणि दिवाळीचे आठवडे बहुतेक ठिकाणी सगळ्यात महाग. तुम्हाला रेड मिळालं आणि हवा असलेला मेचा आठवडा तिथल्या तक्त्यात पर्पल निघाला, तर पावणेतीन लाख देऊन पुन्हा दाराबाहेरच. चालू वर्षाचा तक्ता ईमेलवर मागवा आणि तुमच्या आवडीच्या पाच रिसॉर्टच्या रकान्यांत मेचे आठवडे स्वतः रंगवून बघा.

सीझन आणि खोली यांचे भाव वेगवेगळे लिहून मागा. दोन्ही एकत्र सांगितले की कशाचे किती ते कळत नाही. तुम्हाला अडचण सीझनची आहे. खोली पुरत असेल तर वन बेडरूमचे पैसे कशाला? मात्र किती वर्षांपर्यंतचं मूल 'मूल' धरतात ते नियमपुस्तिकेत बघा, कारण नववीतली मुलगी मोठ्यांत मोजली जाऊन स्टुडिओत चौघं बसत नसतील. आणि त्याच पुस्तिकेत आणखी एक शोधा : खालच्या सीझनच्या जास्त रात्री देऊन वरच्या सीझनची एक रात्र घेता येते का, किंवा फरकाची रक्कम त्या वेळेपुरती भरता येते का. ही सोय असेल, तर तीन-चार मे महिन्यांचा प्रश्न तिथेच सुटतो. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी ओढता येतात का, तेही बघा.

एवढं करूनही घ्यायचं ठरलं, तर सहीआधी चार ओळी लेखी हव्यात. मुदत उरलेली 13 वर्षंच राहते, की नवा करार होऊन पुन्हा 25 पासून सुरू होते? (झाली तर वार्षिक फीची जबाबदारीही तेवढी लांबते.) फी दरवर्षी कशाच्या आधारे वाढते? सही मागे घेण्याची मुदत अपग्रेडलाही लागू आहे का? काही क्लबांत ती 10 दिवसांची असते, पण करारात फक्त नव्या मेंबरपुरती लिहिलेली असू शकते. आणि हप्ते असतील, तर कर्ज कोणाचं आहे? 'नो कॉस्ट ईएमआय' हे अनेकदा वित्त कंपनीचं स्वतंत्र कर्ज असतं. मेंबरशिप रद्द केली तरी त्याचे हप्ते आपोआप थांबत नाहीत.

हे अपग्रेड शोभतं कोणाला? शिक्षक जोडप्याला, ज्यांना निवृत्तीपर्यंत मे आणि दिवाळीशिवाय रजाच नाही, मुदत 15 वर्षांहून जास्त उरली आहे, आणि मागच्या सगळ्या वर्षांत ज्यांनी सातही रात्री वापरल्या आहेत. तिन्ही गोष्टी जुळल्या तर हिशेब मांडून जरूर घ्यावं.

प्रश्न : वरच्या श्रेणीत गेलात तर परदेशात एक्स्चेंज सहज मिळेल, असं सांगतात. खरं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : थोडं खरं. आरसीआय ही अमेरिकेत 1974 मध्ये सुरू झालेली एक्स्चेंज कंपनी तुमचा आठवडा घेऊन दुसरीकडचा देते. तुमच्या आठवड्याचं वजन सीझन, खोलीचा आकार आणि तो किती आधी जमा केला यांवर ठरतं. पहिल्या दोन गोष्टी अपग्रेडने सुधारतात. तिसरी फुकट आहे, ती आधी वापरून बघा. एक्स्चेंजची फी दर वेळी स्वतंत्र भरावी लागते, आणि विमानभाडं, व्हिसा तुमचाच. पाच वर्षांतून एका सहलीसाठी अपग्रेड नको.

प्रश्न : दोन वर्षं होत आली, अपग्रेड केलं, सांगितलेलं बुकिंग एकदाही मिळालं नाही. दाद कुठे मागायची? – एक वाचक, ठाणे

उत्तर : वेळ दवडू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. याच आठवड्यात क्लबला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने लिहा : काय सांगितलं होतं, कोणत्या तारखांना बुकिंग मागितलं, काय उत्तर आलं, किती पैसे परत हवेत. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पण त्या नोंदीने मुदत थांबते असं समजू नका. क्लबला 15 दिवस द्या. तेवढे दिवसही उरले नसतील, तर उत्तराची वाट न बघता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाका. क्लबचं ऑफिस चेन्नईत असो की मुंबईत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी ठाण्यात. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. वेटलिस्टचे स्क्रीनशॉट, पैशांच्या पावत्या आणि विक्रेत्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तारखेप्रमाणे लावा. फोनवरची आश्वासनं अजून लेखी झालेली नसतील, तर 'आपल्या बोलण्यात अमुक ठरलं होतं, चूक असल्यास कळवा' असा ईमेल आजच त्या विक्रेत्याला पाठवा.